सरकारदरबारी शब्द टाकणाऱ्यांची नोंदवही

छत्तीसगढमधल्या भिलाईत कंत्राटी मजुरांना आपली युनियन नोंदवायची असेल, तर आधी सात माणसे उभी राहावी लागतात. सात जणांची नावे, त्यांचा धंदा, त्यांचे पत्ते. शिवाय अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांची वये. मग संघटनेचे नाव, कचेरीचा पत्ता आणि नियमावली. वर्गणी किती, सभासदांची यादी कुठे ठेवणार आणि ती कुणाला पाहता येणार, पैसा कशाकशावर खर्च होणार, पदाधिकारी कसे निवडणार आणि कसे काढणार, हिशेब कोण तपासणार, संघटना मोडली तर शिल्लक कुठे जाणार, हे सगळे त्या नियमावलीत लिहिलेले असले पाहिजे. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांतली जी संख्या कमी असेल तितके सभासदही दाखवावे लागतात. एवढे झाले की निबंधकाकडे अर्ज जातो, आणि नोंदणी मिळाली की दरवर्षी तपासलेला जमाखर्च, बदललेल्या पदाधिकाऱ्यांची नावे आणि सुधारलेली नियमावली त्याच्याकडे पाठवायची. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात हे विवरण न पाठवल्यास पाच रुपये दंड होता, पुढच्या प्रत्येक आठवड्याला आणखी पाच, आणि एकूण पन्नासच्या वर नाही. दंड किरकोळ, पण जबाबदारी पक्की.

त्याच भिलाईतून कुणी दिल्लीला जाऊन खाणपट्टा, रेल्वेचे भाडे, आयातशुल्क किंवा एखाद्या निविदेची अट याबद्दल मंत्रालयात एखाद्या कंपनीच्या वतीने बोलला, तर त्याला कुठेही नाव नोंदवावे लागत नाही. आपण कुणाच्या वतीने बोलतो, त्याचे किती पैसे मिळतात, कोणत्या अधिकाऱ्याला भेटलो, यांपैकी काहीही जाहीर करण्याची सक्ती भारतातला कोणताही कायदा करत नाही. कचेऱ्यांच्या भाषेत या कामाला लायझनिंग म्हणतात. बाहेरच्या अनेक देशांत ते लॉबिंग म्हणून ओळखले जाते आणि त्याची रीतसर नोंदवही असते.

आपल्याकडे बाकी कुणाची नोंद होत नाही असे नाही. न्यायालयात दुसऱ्याची बाजू मांडणारा वकील १९६१ च्या कायद्याने बार कौन्सिलच्या पटावर असतो आणि वकीलपत्र दाखल केल्याशिवाय उभा राहत नाही. घराचा सौदा जुळवणाऱ्या एजंटला महाराष्ट्रात २०१७ पासून महारेराचा क्रमांक घ्यावा लागतो. विमा विकणारा नोंदलेला, गुंतवणुकीचा सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला. दोन खोल्यांच्या फ्लॅटमागे जेवढी पारदर्शकता मागितली जाते, तेवढी लोहखनिजाच्या डोंगरामागे मागितली जात नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

नोंदणी म्हणजे निव्वळ जाच, असे समजण्याचे कारण नाही. कामगारांच्या नोंदणीचा इतिहास मराठी माणसांनी घडवला आहे आणि त्यात एक मोठा सौदा दडलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि फॅक्टरी कमिशनसाठी साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा त्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. ‘दीनबंधू’ हे पत्र चालवणाऱ्या या माणसाने उभी केलेली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन मात्र कागदावर जवळजवळ नव्हतीच. सभासदांचा पट नाही, निधी नाही, नियम नाहीत, असे सरकारी अहवालांनीच लिहून ठेवले. लोखंड्यांचा शब्द आणि कामगारांचा विश्वास, एवढ्यावर तिचा सगळा कारभार चाले.

विश्वासावर चालणारी संघटना कोर्टात टिकत नाही, हे तीस वर्षांनी मद्रासेत कळले. बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या वादात मद्रास लेबर युनियनचे बी. पी. वाडिया यांच्यावर मालकांनी खटला भरला आणि हायकोर्टाने मनाईहुकूम दिला. कामगारांना संप करायला सांगणे म्हणजे करार मोडायला लावणे ठरू शकते, अशी ही परिस्थिती होती. त्यानंतर १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात नारायण मल्हार जोशी यांनी ठराव मांडला, की युनियनची नोंदणी करणारा आणि तिला संरक्षण देणारा कायदा सरकारने आणावा. हे ना. म. जोशी म्हणजे १९११ ची सोशल सर्व्हिस लीग काढणारे आणि १९२० च्या आयटक या कामगार महासंघाच्या स्थापनेत असणारे. त्यांच्या आग्रहातून १९२६ चा कायदा आला आणि १ जून १९२७ पासून लागू झाला. नाव, यादी, हिशेब उघडे करा. त्या बदल्यात संपासाठी तुमच्यावर कटाचा खटला किंवा नुकसानभरपाईचा दावा होणार नाही, असा तो सौदा होता. उघडपणाच्या मोबदल्यात बोलण्याचा हक्क. जगातल्या लॉबिंगच्या नोंदवह्यांमागेही हेच तत्त्व आहे: बोलणे गुन्हा नाही, लपून बोलणे चालणार नाही.

खुद्द भिलाई शहर अशाच बोलण्यातून जन्माला आले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टनांच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या वेळी भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी हा कारखाना आपल्या प्रांतात यावा म्हणून केंद्राकडे जोर लावला होता. दल्ली राजहराचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी, तांदुला जलाशयाचे पाणी आणि मुंबई–हावडा रेल्वेमार्ग, अशी भक्कम कारणे पाठीशी होतीच. पण भक्कम कारणेही कुणीतरी जाऊन मांडावी लागतात. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तोवर राज्यांची फेररचना होऊन राजधानी भोपाळला गेली होती. एका मुख्यमंत्र्याने केंद्राला गळ घालणे सहसा लॉबिंगच्या नोंदवहीत बसत नाही. सरकारांचे आपसातले बोलणे बहुतेक ठिकाणी वगळलेले असते, आणि ते योग्यच आहे, कारण मुख्यमंत्री कुणाच्या वतीने बोलतो हे मतदाराला ठाऊक असते.

बोलण्याची किंमत किती मोजावी लागते, हेही याच शहराने पाहिले. भिलाई कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये काम केलेले आणि युनियनच्या कामापायी नोकरी गमावलेले शंकर गुहा नियोगी यांनी १९७७ मध्ये दल्ली राजहरात कंत्राटी खाणमजुरांचा छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा केला. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांनी केलेल्या गोळीबारात अकरा जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी स्वतःच्या पैशाने शहीद हॉस्पिटल बांधले, १९८३ पासून ते चालू आहे. पुढे नियोगी भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या मजुरांकडे वळले. मागण्या साध्या होत्या: कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन, युनियनला मान्यता. सप्टेंबर १९९१ मध्ये ते मजुरांना घेऊन दिल्लीला गेले आणि राष्ट्रपती व्यंकटरामन यांच्या हाती निवेदन दिले. तोंडे दिसत होती, मागण्या लिहिलेल्या होत्या, खाली सह्या होत्या. परतल्यावर २८ सप्टेंबरच्या पहाटे भिलाईतल्या घरात झोपेत असताना त्यांचा गोळी घालून खून झाला. खालच्या न्यायालयाने काही उद्योगपतींनाही दोषी ठरवले होते. उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. त्याआधी, १ जुलै १९९२ रोजी, त्याच मागण्यांसाठी भिलाई पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या मजुरांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, सोळा कामगार मेले.

मजुरांच्या बाजूने दिल्लीत काय सांगितले गेले याचा कागद आहे. दुसऱ्या बाजूने त्या काळात कुणी कुणाला काय सांगितले, याची नोंद ठेवण्याची जागाच आपल्या व्यवस्थेत नव्हती. आजही नाही.

अमेरिकेत ती जागा १९४६ पासून आहे, पण पहिला कायदा इतका ढिला होता की बहुतेक जण त्यातून निसटत. १९९५ च्या लॉबिंग डिस्क्लोजर कायद्याने ती नीट बांधली आणि २००७ मध्ये आणखी आवळली. कुणाला लॉबिस्ट म्हणायचे याची कसोटी अशी: अशीलासाठी एकापेक्षा जास्त वेळा अधिकाऱ्यांशी संपर्क, आणि त्या अशीलाच्या तीन महिन्यांच्या कामातला किमान वीस टक्के वेळ या खटपटीत. पहिल्या संपर्कापासून किंवा नेमणुकीपासून, जे आधी घडेल तिथून ४५ दिवसांत सिनेट आणि प्रतिनिधिगृह या दोन्हींच्या कचेऱ्यांत नाव नोंदवायचे. २०२५ पासून लॉबिंग फर्मला एका अशीलाकडून तिमाहीला ३,५०० डॉलरपर्यंत, आणि स्वतःची माणसे ठेवणाऱ्या कंपनीला तिमाही १६,००० डॉलर खर्चापर्यंत सूट आहे. हे आकडे दर चार वर्षांनी महागाईप्रमाणे बदलतात.

त्यानंतर दर तिमाहीचा अहवाल द्यायचा: २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर, २० जानेवारी. हा अर्ज हातात घेऊन वाचण्यासारखा आहे. वर फर्मचे आणि अशीलाचे नाव. मग तिमाहीचे उत्पन्न किंवा खर्च, दहा हजार डॉलरच्या पटीत. खाली विषयांच्या ठरलेल्या संज्ञा: व्यापार, कर, शेती, ऊर्जा. प्रत्येक विषयाखाली नेमके कोणते विधेयक किंवा कोणता निर्णय ते स्वतःच्या शब्दांत लिहायचे, मग कोणत्या सरकारी संस्थेशी बोललो ते, मग प्रत्यक्ष बोललेल्या माणसांची नावे, आणि त्यांच्यापैकी कुणी आधी सरकारी हुद्द्यावर असेल तर तो हुद्दा. या शेवटच्या रकान्यात खुर्ची सोडून लॉबिंगमध्ये आलेली माणसे सहज सापडतात. राजकीय देणग्यांचा वेगळा अहवाल वर्षातून दोनदा, ३० जुलै आणि ३० जानेवारीला. चूक दाखवून दिल्यावर साठ दिवसांत दुरुस्त केली नाही, तर दोन लाख डॉलरपर्यंत दंड. जाणूनबुजून भ्रष्टपणे कायदा मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद.

या अर्जातली एक ओळ डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या संसदेत येऊन आदळली. बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के विदेशी गुंतवणुकीला केंद्राने सप्टेंबरमध्ये मंजुरी दिली होती. वॉलमार्टच्या अमेरिकेतल्या तिमाही अहवालात इतर विषयांबरोबर भारतातल्या विदेशी गुंतवणुकीबाबतची चर्चा असाही विषय होता. त्या तिमाहीचा एकूण खर्च साडेसोळा लाख डॉलर, आणि २००८ पासूनची बेरीज अडीच कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे सव्वाशे कोटी रुपये. खासदारांनी सभागृह बंद पाडले. हा सगळा खर्च अमेरिकेतला आहे आणि तिथल्या कायद्याप्रमाणे जाहीर केलेला आहे, असे कंपनीने सांगितले. त्या अर्जात पैसा विषयवार वाटून दाखवायचा नसतो, त्यामुळे अडीच कोटींपैकी भारतासाठी किती, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येत नव्हते. सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती नेमली, तिने मे २०१३ मध्ये अहवाल दिला. भारतातल्या धोरणाबद्दल कुणीतरी बोलत होते, हे भारतीय नागरिकाला वॉशिंग्टनच्या दप्तरातून कळले.

त्याहून चकित करणारी गोष्ट परदेशी सरकारांच्या प्रतिनिधींबाबतची आहे. १९३८ च्या कायद्याने अमेरिकेत दुसऱ्या देशाच्या सरकारसाठी काम करणाऱ्याला करारानंतर दहा दिवसांत न्याय खात्याकडे नोंदावे लागते, करारपत्र जोडावे लागते आणि दर सहा महिन्यांनी जमाखर्चाचा तपशील द्यावा लागतो. भारत सरकारही वॉशिंग्टनमध्ये लॉबिंग फर्म नेमते. भारत-अमेरिका अणुकराराच्या काळात २००५ मध्ये नेमलेल्या बार्बर ग्रिफिथ अँड रॉजर्स या फर्ममध्ये भारतातले माजी अमेरिकी राजदूत रॉबर्ट ब्लॅकविल होते. हे करार, त्यांतली फी, भेटलेल्या लोकप्रतिनिधींची नावे, सगळे तिथे खुले. भिलाईच्या सुपेल्यातला एखादा विद्यार्थी घरबसल्या आपल्याच सरकारचा तो करार वाचू शकतो, पण आपल्याच राज्याच्या मंत्र्याला गेल्या महिन्यात कोणत्या कंपनीचा माणूस भेटला, ते त्याला तितक्या सहज वाचता येत नाही.

बाकीच्या देशांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. कॅनडात १९८९ पासून नोंदणी आहे. तिथे काम झाले तरच फी ही पद्धत बंद आहे, वरिष्ठ अधिकाऱ्याशी झालेल्या बोलण्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा लागतो, आणि मोठ्या पदावरून उतरलेल्याला पाच वर्षे लॉबिंग करता येत नाही. ब्रिटनच्या २०१४ च्या कायद्यात तर एकाच जुडग्यात दोन्ही गोष्टी आहेत: एका भागात सल्लागार लॉबिस्टची नोंदवही, दुसऱ्या भागात कामगार युनियनच्या सभासदयादीची दरवर्षीची तपासणी. त्यातही पारडे समान नाही. लॉबिस्टच्या भागात फक्त बाहेरून नेमलेले सल्लागार येतात, कंपनीचा स्वतःचा पगारी माणूस येत नाही, आणि मंत्री व खात्याचे सर्वोच्च सचिव यांच्याशी बोलले तरच ते मोजले जाते. युनियनला मात्र यादीतल्या सभासदांची नावे आणि पत्ते बिनचूक असल्याची खात्री द्यावी लागते.

मला सर्वांत शहाणी वाट चिलीची वाटते. तिथल्या २०१४ च्या कायद्याने मुख्य ओझे खुर्चीवर बसलेल्याच्या अंगावर टाकले. मंत्री आणि ठरावीक हुद्द्यावरचे अधिकारी यांनी कुणाला भेट दिली आणि कोणत्या विषयावर, सरकारी प्रवास कुठे केला, भेटवस्तू कोणत्या मिळाल्या, हे त्यांनीच जाहीर करायचे. आपल्यासारख्या देशात हे महत्त्वाचे आहे, कारण निबंधकाच्या कचेरीत अर्ज कसे अडकतात हे कामगारांना ठाऊक आहे. १९२६ च्या कायद्यात नोंदणीचा निर्णय किती दिवसांत द्यायचा याची मुदतच नव्हती. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ मध्ये तीस दिवसांची मुदत सुचवली होती. लॉबिंगचा कायदा केला आणि नोंदणीचा भार भेटायला येणाऱ्यावर टाकला, तर मोठी कंपनी वकील नेमून दोन दिवसांत क्रमांक घेईल आणि खाणीजवळच्या गावातले लोक दाराबाहेर उभे राहतील. पैसे घेऊन बोलणाऱ्याने नाव नोंदवावे, ऐकणाऱ्याने भेट नोंदवावी, आणि स्वतःचे गाऱ्हाणे सांगणाऱ्याला काहीही भरावे लागू नये, अशी विभागणी हवी.

कायद्याचे सुटे तुकडे आपल्याकडे आहेत. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ मध्ये उदाहरणच दिले आहे, की सरकारी नोकरी मिळवून देतो म्हणून हजार रुपये ठरवले तर तो करार निरर्थक. हैदराबादच्या सालार जंग यांच्या वारसाहक्कासाठी वजन वापरण्याच्या बदल्यात ठरलेला मोबदला सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये याच तत्त्वाने नाकारला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला आलेले कलम ७अ, भ्रष्ट मार्गाने किंवा वैयक्तिक वजनाने लोकसेवकावर प्रभाव टाकण्यासाठी गैरलाभ घेणाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद सांगते. त्याच कायद्याच्या कलम ९ खाली कंपनीच्या वतीने कुणी लाच दिली तर कंपनीही दोषी ठरते. आपल्या माणसांना रोखण्याची पुरेशी व्यवस्था होती हे दाखवता आले तरच सुटका. म्हणून भिलाईतल्या एखाद्या लघुउद्योजकाने दिल्लीसाठी सल्लागार नेमला, तर काम लेखी ठरवावे, फी निकालावर अवलंबून ठेवू नये, पैसे बँकेतून द्यावेत, प्रत्येक भेटीची तारीख, हजर माणसे आणि दिलेल्या कागदाची प्रत जपावी. कायदा नोंदवही मागत नसला तरी चौकशी आली की हीच वही उपयोगी पडते. उद्योजकांची संघटना मंडळ म्हणून नोंदलेली असेल, तर राज्याच्या १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण कायद्याप्रमाणे कार्यकारिणीची यादी आणि हिशेब दरवर्षी देणे आहेच.

वेगळा लॉबिंग कायदा आणण्याचा प्रयत्न झाला होता. ओडिशाचे खासदार कलिकेश सिंह देव यांनी २०१३ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले, ते मंजूर झाले नाही. पुढच्या वर्षी केंद्राने कायद्याचे मसुदे तीस दिवस लोकांसमोर ठेवण्याचे धोरण आखले, पण ते बंधनकारक नाही. इकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९२६ चा कायदा तिच्यात सामावला. सात नावे, दहा टक्के किंवा शंभर सभासद, वार्षिक विवरण, हे सगळे नव्या संहितेतही आहे. शिवाय मालकाशी एकट्याने वाटाघाटी करायच्या तर एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा दाखवावा लागतो.

तोवर हातात आहे तो माहिती अधिकार. भिलाई कारखाना सेल या सरकारी कंपनीचा आहे, त्यामुळे तिथे आणि पोलाद मंत्रालयातही जनमाहिती अधिकारी आहेत. अर्जाला दहा रुपये लागतात. कंपन्यांनी काय सांगितले असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही. अमुक विषयावर अमुक तारखांच्या दरम्यान आलेल्या निवेदनांच्या प्रती, ती देणाऱ्यांची नावे, आणि त्या विषयावर झालेल्या बैठकांची टिपणे, असे मागावे. उत्तराची मुदत तीस दिवस. कागद तिसऱ्या पक्षाचा असेल तर त्याला नोटीस जाते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि मुदत चाळीस दिवसांवर जाते. व्यापारी गुपित म्हणून नकार आला, तर कलम ८ मध्येच व्यापक जनहिताचा अपवाद लिहिलेला आहे. तो पहिल्या अपिलात शब्दशः उद्धृत करावा, आणि हे अपील नकार मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत दाखल करावे.